बाजूची सीट

ही गोष्ट कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. इथे जर्मनीत, गोस्लारमध्ये, आमच्या शेजारी घडली. एप्रिलमधल्या एका शनिवारी, भर दुपारी.

फोल्कमारनं त्याची लाल स्पोर्ट्स कार तळहाताच्या फोडासारखी जपली होती. इतक्या वर्षांत जेमतेम अकरा हजार किलोमीटर. साधा ओरखडा नाही. नंबरप्लेटसुद्धा हंगामी, एप्रिल ते ऑक्टोबरचीच. एरवी अशी गाडी रस्त्यावर आणायची नाही, असा इथला कायदाच.

ती गाडी त्यानं विकायला काढली.

कारण गेल्या वर्षीच्या एकतीस मार्चचं. बाहेर बर्फ. रोजची गाडी मुलीकडे. त्याची बायको गेर्लिंडे हिच्या छातीत दुखायला लागलं.

"अ‍ॅम्ब्युलन्स नको, गल्ली गोळा होईल. तूच ने," असं म्हणत ती लोकरीचा कोट चढवून लाल गाडीत जाऊन बसलीसुद्धा.

"उतर गं. प्लेट उद्यापासून चालू होते. एका रात्रीनं काय होतंय?"

ती उतरली.

पहाटे गेली.

"गॅरेज उघडलं की तीच सीट दिसते रे," तो मला म्हणाला. "मीच मारलं तिला. जाऊ दे ही ब्याद दारातून."

गिऱ्हाईक आलं. आन्सगार, तिशीतला.

"काका, गाडी चालवायचात की पुजायचात?"

"पुजायचो," फोल्कमार खाली बघत म्हणाला.

आन्सगार चालवायला बसला. बाजूला बसायची फोल्कमारची छाती होईना. गुडघे पोटाशी घेऊन तो मागच्या चिमुकल्या सीटवर बसला.

गाडी निघाली आणि...

टिंग... टिंग... टिंग...

समोर पट्ट्याचा लाल दिवा. बाजूला कुणीतरी पट्टा न लावता बसलंय म्हणे.

सीट रिकामी होती.

"सेन्सर गेला वाटतं," आन्सगार हसला. "किंमत उतरवा, काका."

फोल्कमारला वास आला... ओल्या लोकरीचा.

हॉस्पिटलच्या फाटकासमोर सिग्नल लागला. आवाज थांबला. दार उघडं असल्याचा दिवा लागला... आणि विझला.

दाराला कुणी हात लावला नव्हता.

सिग्नल सुटला. 'थांब' म्हणायचं फोल्कमारला जमलं नाही.

गाडी त्याच दिवशी गेली. आन्सगारकडे ती एकदाही वाजली नाही.

फोल्कमार मात्र झिजत चाललाय.

"तिला तिथंच सोडून आलो रे. आता आणायला कशानं जाऊ?"

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी माझ्या गाडीतून त्या फाटकावरून येत होतो. एकटाच. सिग्नलला थांबलो.

टिंग... टिंग...

थेट आमच्या गल्लीपर्यंत. फोल्कमारच्या दाराशी गाडी थांबवली, तेव्हा कुठे बंद झालं. मी मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडून त्यानं विचारलं, "काल तुला ओल्या लोकरीचा वास आला का रे?"

आला होता. मी नाही म्हणालो.

का म्हणालो, ते अजून कळत नाही. तो रोज तेच विचारतो.