छत्तीस शब्द

"वन्सं, माझ्या पोरीला खोटेपणा शिकवलात तुम्ही!"

भावजयीने शाळा मंडळाचं पत्र टेबलावर आपटलं, तेव्हा आत्या गणवेशाचं तुटलेलं बटण लावत बसली होती. सुई बोटात रुतली, पण तिकडे तिचं लक्षच गेलं नाही. हे शब्द... आणि ते हिच्या तोंडून! ज्या बाईने गेल्या वर्षी याच टेबलाशी, याच खुर्चीत बसून तिचे दोन्ही हात धरले होते, तीच आज तिच्याकडे चोराकडे बघावं तशी बघत होती. आत्याने दोरा दातांनी तोडला.

आत्या बावीस वर्षं शाळा मंडळाच्या पिवळ्या बसवर मदतनीस होती. ज्या मुलांना चालायला, बोलायला, वाचायला जड जातं, त्यांना घरून उचलायचं, पट्टे बांधायचे, नाकं पुसायची आणि आधारवर्गाच्या दाराशी बाईंच्या हाती सोपवायचं. स्वतःचा संसार तिने मांडलाच नाही. भाऊ दूरच्या बंदरावर क्रेन चालवायचा, वर्षातून दोनदा घरी यायचा. मागे उरलेली भावजय आणि भाची, हाच तिचा संसार. भाचीचं नाव तिनेच टिटवी ठेवलं होतं, कारण पोरीच्या पोटात एक शब्द म्हणून टिकायचा नाही. एकदा ऐकलेली गोष्ट ती स्वल्पविरामासकट परत सांगायची. पण पुस्तक उघडलं, की तीच पोर मुकी! अक्षरं म्हणे तिच्यापुढून पळून जायची. म्हणून तीसुद्धा आधारवर्गात, आत्याच्याच बसमध्ये, खिडकीजवळच्या जागेवर.

भावजयीला ही गोष्ट आतून कुरतडत होती. शेजारपाजारचे तोंडावर गोड बोलत, पाठीमागे 'मंद मुलांची गाडी' म्हणत. आधारवर्गातल्या मुलांची दरवर्षी शब्दवाचनाची चाचणी व्हायची; पास झालं, की मूल साध्या वर्गात. गेल्या वर्षी ती जवळ आली आणि भावजयीचा धीर सुटला. "वन्सं, एवढ्या वेळेला तिला पास करा हो! ती बस दारात थांबली ना, की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटतं..." आत्या कळवळली. बसमधली पोरं दरवर्षी चाचणीहून येताना तेच शब्द पुटपुटायची. शब्दांची यादी वर्षानुवर्षं बदललेलीच नव्हती. ऐकून ऐकून आत्याला ती पाठ झाली होती. घर, चमचा, पायरी, ढग... मोजून छत्तीस. तीन आठवडे ती भांडी घासताना ते शब्द म्हणायची आणि टिटवी पाठोपाठ म्हणायची. नि चाचणीच्या दिवशी पोरीने बोट फिरवत छत्तीसच्या छत्तीस शब्द घडाघडा 'वाचले'!

त्या दिवशी भावजयीचा आनंद गगनात मावेना. आधारवर्ग सुटला, बस सुटली. टिटवी चालत शाळेत जाऊ लागली आणि रोज सकाळी आत्याची बस तिच्या शेजारून पुढे निघून जाऊ लागली. साध्या वर्गात मात्र पोर दिवसेंदिवस बुडत चालली होती. वह्या कोऱ्या, पोटात दुखण्याचं निमित्त रोजचं. शेवटी यंदा शाळेने तिला पुन्हा चाचणीला बसवलं, आणि मंडळाने यादी नेमकी तेव्हाच बदलली. टिटवीने नव्या पानावर बोट ठेवलं आणि जुनेच छत्तीस शब्द म्हणून दाखवले, एकही न चुकता! "कुणी शिकवलं गं?" बाईंनी विचारलं. "आत्याने!" ती अभिमानाने म्हणाली.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघींना मंडळाच्या कार्यालयात बोलावलं होतं. अरुंद खोली, लांब टेबल. एका बाजूला मुख्याध्यापक, मंडळाचे अधिकारी आणि आधारवर्गाच्या बाई, दुसऱ्या बाजूला या दोघी. टिटवी बाहेर बाकावर पाय हलवत बसली होती.

अधिकारी कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "नियम स्पष्ट आहे. पालकांनी जाणूनबुजून चाचणी बिघडवली असेल, तर मुलाला आधारवर्ग कायमचा बंद होतो. दुसऱ्या कुणी बिघडवली असेल, तर मुलाची फेरचाचणी होऊ शकते. आता खरं काय ते सांगा. आईला हे ठाऊक होतं का?"

आत्याने शेजारी पाहिलं. भावजयीने पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं, की बोट पांढरं पडलं होतं. ती मान वर करत नव्हती. काल रात्रभर जिला दोष देत होती, तिच्याकडे बघायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. आत्याच्या मनात क्षणभर आलं... सांगून टाकावं! बावीस वर्षांत एका पोराचा पट्टा सैल राहू दिला नाही, आणि आज या वयात माथी कलंक घेऊन जायचं? पण बाहेरच्या बाकावरून टिटवीची बडबड ऐकू येत होती. शिपायाला ती कुठलीशी गोष्ट सांगत होती.

"नाही साहेब," आत्या म्हणाली. "तिच्या आईला यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. मीच शहाणपणा केला. मला हौस... भाची पुढे गेलेली बघायची."

"तुम्ही मंडळाच्या कर्मचारी आहात. याचा परिणाम ठाऊक आहे ना?"

"आहे."

तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. आधारवर्गाच्या बाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

फेरचाचणी तेव्हाच झाली. आत जाण्याआधी टिटवीने आत्याचा हात ओढला. "आत्या, आज काय म्हणायचं? लवकर सांग ना!"

"आज काही म्हणायचं नाही, बाळा. दिसेल तेवढंच वाच."

"पण मला काहीच दिसत नाही..."

"मग तसंच सांग."

दार बंद झालं. दहा मिनिटांत बाई बाहेर आल्या. छत्तीसपैकी दोन. आत्याने सुटकेचा श्वास टाकला. पोर नापास झाली म्हणून जीव भांड्यात पडलेली तीच एक वेडी असेल!

पण बाई पुढे हळूच म्हणाल्या, "नाव आधारवर्गाच्या प्रतीक्षायादीत घेतलंय. एक्केचाळिसावा क्रमांक आहे. वर्षाला जागा रिकाम्या होतात चार, फार तर पाच... आणि दहा वर्षं पूर्ण झाली की वर्गात घेत नाहीत." टिटवीला पुढच्या महिन्यात नववं लागणार होतं. या हिशेबाने तिचा नंबर लागायला आठ वर्षं तरी जाणार होती.

जिन्यात भावजयीचा बांध फुटला. ती पायरीवरच बसली आणि तिने आत्याचे पाय धरले. "वन्सं, मी पापीण! तुमचा बळी दिला मी... तोंड उघडलं नाही माझं. थांबा, आत्ता जाते आत, सगळं सांगते!"

आत्याने तिला दंड धरून उठवलं. "अगं, वेडी की काय! आता सांगितलंस तर तो एक्केचाळिसावा क्रमांकसुद्धा जाईल. माझं जायचं ते गेलं. निदान वाया तरी नको घालवूस."

"मग मी हे घेऊन जगू कशी?"

"जगायचं," आत्या म्हणाली. "माझ्याजवळ रड हवं तेवढं. बाहेर नाही." आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच भावजयीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी शाळेच्या रस्त्याने चालत निघाल्या. आत्याला आता बस गाठायची नव्हती. टिटवी कालपासून तिच्याशी बोलत नव्हती. कोपऱ्यावर ती एकदम थांबली. "तू काल मला शब्द का नाही सांगितलेस? मी नापास झाले. तुला मी आवडत नाही का आता?"

भावजयच रस्त्यात गुडघ्यांवर बसली. "आत्याला नको विचारूस, राणी. गेल्या वर्षी शब्द पाठ करून घ्यायला तिला मी सांगितलं होतं. चूक माझी आहे. तिने ती आपल्या अंगावर घेतली, म्हणून तिची बस गेली."

टिटवीने आईकडून आत्याकडे पाहिलं. "हे साहेबांना कळलं तर?"

"तर तुला आधारवर्ग कधीच मिळणार नाही," आत्या म्हणाली. "म्हणून हे कुणाला सांगायचं नाही. कुणालाच नाही."

पिवळी बस शेजारून गेली. दारात नवीन बाई उभी होती. खिडक्यांतून पोरं हात हलवत "आत्या, आत्या" म्हणून ओरडली. टिटवीने हात हलवला नाही. तिने दोन्ही तळवे तोंडावर घट्ट दाबून धरले होते, आणि शाळेच्या दारापर्यंत ती तशीच चालत राहिली.