एकविसाव्या दिवसाचं पाणी

ऑगस्टातली सकाळ. साडेआठ वाजता नयनने घाटंजीजवळच्या माळावर स्कूटी लावली आणि पर्जन्यमापकाची किल्ली काढली. कॉलेज संपल्यावर हे नोंदीचं काम तिने हट्टाने मागून घेतलं होतं. जंगल तोडायचं, नाले बुजवायचे, बोअर सातशे फुटांवर न्यायचे आणि मग आभाळाला दोष द्यायचा, यावर ती कोणाशीही भांडायची. निदान वही तरी खरी राहावी, एवढाच तिचा हट्ट होता.

वहीत सलग वीस शून्यं होती. आज एकविसावं पडलं की पावसाचा खंड कागदावर पक्का, आणि मग माळाखालच्या बंजारा तांड्याला टँकर.

कुंपणाशी लालीबाई टेकली होती. सारा तांडा तिला याडी, म्हणजे आई म्हणे, नयनही म्हणायची. लांबच्या विहिरीवरून आणलेली पाण्याची भरली पितळी गुंडी तिने डोक्यावरून खाली उतरवली होती. पाणी हिंदकळू नये म्हणून वर कडुनिंबाचा डहाळा.

"लिवलं काय वं शून्य?"

"पाहू तर दे, याडी. तुले लय घाई."

"मले कायची घाई? घाई त्या टँकरले. वीस दिवसांपासून निंगूनच राह्यला!"

नयनने हसत नरसाळं काढलं. त्यावर धुळीचा थर होता. आतली बाटली मात्र जड लागली. तिने पाणी मोजलं. अकरा मिलिमीटर. एवढ्याने खंड मोडला असता.

"कोणीतरी बदमाशी केली," ती उसळली. "पाऊस पडलाच नाही, तं मी लिवू कायले?"

तिने पाणी मातीत ओतलं, बाटली आत ठेवली, नरसाळं बसवलं आणि वहीत शून्य लिहिलं.

टप…

आवाज मापकाच्या आतून आला. आभाळ कोरडं ठाक होतं.

टप… टप…

"नयन…" लालीबाईने खाली बोट दाखवलं. "माही गुंडी पाह्य…"

गुंडी तळापर्यंत सुकलेली. खाली सांडल्याची खूण नाही. डहाळाही नाही.

नयनने नरसाळं उचलून बाजूला टाकलं आणि बाटली बाहेर ओढली. ती काठोकाठ भरली होती. नरसाळ्याच्या भोकातून काडीसुद्धा मुश्किलीने गेली असती. पण आत अख्खा डहाळा तरंगत होता. हिरवागार.

"याडी… तांड्यात आज पाणी कोणाकडे आहे?"

"कोणाकडेच नाही. संगीताकडे तेवढं तांब्याभर… लेकरासाठी दुधाची भुकटी कालवून ठेवलं."

बाटली नयनच्या हातात होती. नरसाळं दूर धुळीत पडलं होतं. तरीही बाटलीतलं पाणी वाढतच होतं, तिच्या बोटांवरून ओघळत होतं… कोमट.

आणि त्याला आता दुधाचा वास येत होता.