राहून गेलेला पत्ता

"तो मिस्त्री कुठे बसतो हो? त्याला चार शब्द सुनवायचेत!"

धापा टाकत मी चौथ्या मजल्यावर पोचले, तेव्हा खिडकीजवळ एकच जण बसला होता. हातात अर्धवट सोललेलं संत्रं.

"जागेवर नाही तो," त्याने मान वर केली. "मला सांगा ना, निरोप देतो."

मग काय, मी सुटलेच! आमची कंपनी शाळकरी मुलांचे कान तपासायचं यंत्र बनवते. मुलांनी हेडफोन लावायचा आणि आवाज ऐकू आला की हात वर करायचा. ते आवाज काढणारा प्रोग्राम माझा. पण यंत्राची चिप इवलीशी, म्हणून प्रोग्राम मोठ्या कॉम्प्युटरवर तयार करून तिला द्यावा लागतो. तो तयार करणारी अवजारं मिस्त्रीने आपल्या अवाढव्य बिल्ड सिस्टिमच्या, म्हणजे कंपनीचे सगळे प्रोग्राम एकत्र बांधणाऱ्या यंत्रणेच्या, पोटात कोंडून ठेवलेली. मी एक ओळ बदलली, तरी सगळं पहिल्यापासून बांधलं जाणार... चाळीस मिनिटं!

"खिळा ठोकायला हातोडा मागितला, तर हा माणूस म्हणतो, आधी अख्खं घर बांधू!"

"फार आडमुठा आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "लहानपणापासून ओळखतो मी त्याला." आणि संत्र्याची एक फोड माझ्यापुढे धरली.

तेवढ्यात दारातून कुणीतरी ओरडलं, "मिस्त्री, चहा घेणार का रे?"

"घेणार की! आज दोन आण."

मेले मी! पण फोड तोंडात होती, आणि गोड होती.

चहा पिताना त्याने कबूल केलं, की अवजारांची सुटी पेटी करता येईल. कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडायची, एक आज्ञा द्यायची, की काम सुरू. "महिना लागेल. कारण प्रत्येक अवजाराला माझ्याच मशीनचा पत्ता पाठ आहे. दुसरीकडे नेलं, की ते घर शोधत बसतं. तोवर फाइल इथे आणत जा, मी पाच मिनिटांत करून देतो."

आणत जा म्हणाला, आणि मी आणत गेले. रोज पेन ड्राइव्ह मुठीत, रोज चार मजले. फाइल नेटवर्कवरून पाठवता येते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण प्रत्येक ठाऊक गोष्ट बोलून दाखवायलाच हवी का?

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. तो मला 'घाई' म्हणायचा. नव्या आवाजांची चाचणी मी त्याच्यावरच घ्यायचे. हेडफोन लावून तो डोळे मिटायचा, आणि मी बिनधास्त त्याच्या पापण्या बघायचे. एकदा त्याने हात वर केला, तेव्हा मी बटण दाबायलाच विसरले होते...

घरी वहिनीला वास लागलाच. "कोपऱ्यावरून भाजी आण म्हटलं तर गुडघे दुखतात, आणि ऑफिसात चार मजले?"

"व्यायाम गं!"

"हो का? मग त्या व्यायामाला एकदा जेवायला बोलाव."

आणि एका शुक्रवारी मॅडमनी सांगितलं, की सोमवारपासून आमची तुकडी नदीपलीकडच्या इमारतीत. म्हणजे आता त्याचा जिना नाही, संत्रं नाही, काही नाही. अन् तासाभरात मिस्त्री स्वतः खाली आला, पहिल्यांदाच. टेबलावर एक पेन ड्राइव्ह ठेवला.

"पेटी. आता तुला माझी गरज पडणार नाही."

"इतक्यात झाली? महिना म्हणाला होतास..."

"झाली." माझ्याकडे न बघताच तो गेला.

मला रडूच आलं. म्हणजे याला सुटका हवी होती तर! रागारागाने मी पेटी उघडली, ती एक आज्ञा दिली. पडद्यावर ओळी धावल्या आणि मध्येच अडखळल्या. फाइल सापडत नाही, म्हणे. कुठल्यातरी एका अवजारात त्याच्या मशीनचा जुना पत्ता बदलायचा राहून गेला होता, आणि त्या पत्त्यातल्या फोल्डरचं नाव मी तीनदा वाचलं.

'तयार_आहे_पण_घाईला_देऊ_नको'.

चार मजले मी कसे चढले, देव जाणे.

"पेटी चालत नाही," मी म्हणाले.

"शक्यच नाही!" तो ताडकन उठला. मी लॅपटॉप पुढे केला. त्याने ती ओळ वाचली... आणि त्याचे कान संत्र्याच्या सालीसारखे झाले.

"कधी तयार झाली होती?"

"तीन आठवडे झाले," तो पुटपुटला. "दिली असती, तर तू आली नसतीस. चूक झाली माझी. तुला उगाच एवढे जिने..."

"फाइल नेटवर्कवरून पाठवता येते, मिस्त्री."

तो बघतच राहिला. "म्हणजे... तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

आम्ही दोघं इतके हसलो, की चहावाले काका दारातूनच परत फिरले. मग त्याने खुर्ची ओढली, पाच मिनिटांत तो पत्ता दुरुस्त केला, आणि माझा प्रोग्राम माझ्याच लॅपटॉपवर झरझर तयार झाला. आता खरंच काही काम उरलं नव्हतं.

पडद्याकडेच बघत तो अगदी हळू, जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाला, "सोमवारपासून... काम नसताना येशील? की मी येऊ?"

मी फक्त हात वर केला.