यंत्राला आधी कळलं

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तो येरझाऱ्या घालत होता. उजवा डोळा तळहाताने गच्च दाबलेला, त्यातून घळाघळा पाणी... आणि डावा डोळा ठणठणीत कोरडा. चाचण्यांच्या खोलीतून ती घाईने बाहेर आली नि थेट त्याच्यावर आदळली.

“मी रडत नाहीये हं!” तिने काही विचारायच्या आतच तो गुरकावला.

“ते दिसतंय. एकाच डोळ्याने कुणी रडत नसतं. चला, आत ऑक्सिजन आहे.”

मास्क लावून तो खुर्चीत पुढे-मागे डोलत राहिला. क्लस्टर डोकेदुखी म्हणजे डोळ्यामागे कुणी तापलेली सळई फिरवावी तसं. कळ ओसरली तेव्हा त्याने चेहरा पुसला. तो वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवायचा. डोळा लाल, पापणी उतरलेली, एका जागी बसवत नाही. त्यामुळे तिथे सगळे समजत, गडी पिऊन येतो.

“मग सांगून टाका ना खरं काय ते.”

“म्हणजे कीव करतील. त्यापेक्षा दारुडा बरा!”

माणूस मोठा मानी आहे, तिच्या मनात आलं. तीही काही कमी नव्हती.

हॉस्पिटलात तिला सगळे तारामती म्हणत, कारण रुग्णांच्या छातीला तारा लावायचं काम तिचं. ठोके, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या... आपण न सांगताच शरीर सांभाळणाऱ्या नसा क्लस्टर डोकेदुखीच्या रुग्णांत डोकं दुखत नसतानाही वेगळ्या वागतात का, हे डॉक्टरबाई शोधत होत्या. त्याचसाठी तो आला होता.

पुढच्या खेपेला डोकं शांत होतं. तिने तारा लावल्या.

“या नळीत फुंका. जोर एकसारखा धरायचा.”

त्याने असं फुंकलं की काटा वर चढला नि तिथेच खिळून राहिला.

“वा! एवढी फुंकर कुणाची पाहिली नव्हती.”

“पोटच भरतो तिच्यावर.”

“आता नुसते शांत बसा.”

“शांतच बसलोय.”

“तुमचं हृदय तसं म्हणत नाही.”

“ते कधी माझं ऐकतंय!”

पडद्यावरची रेघ उड्या मारत होती. ती कागद आणायला बाहेर गेली. परतताना दाराच्या काचेतून पाहते तो काय, रेघ कशी शहाण्या मुलासारखी! तिने आत पाऊल टाकलं मात्र, ठोके पुन्हा उधळले. तिने पुन्हा बाहेर जाऊन पाहिलं. तेच...

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आनंद झाला, नाही कसा! पण हे आकडे अभ्यासात जाणार होते. नसांच्या नावावर भलताच दोष लागला असता. ती तडक डॉक्टरबाईंकडे गेली.

“त्या ट्रम्पेटवाल्यांच्या चाचण्या दुसऱ्या कुणाला करायला सांगा. माझ्यामुळे... ठोके बिघडतात.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “तुझ्यामुळे?”

“यंत्र तसं म्हणतंय.”

बाई खळखळून हसल्या, मग गंभीर झाल्या. “गप्प बसली असतीस तर कुणाला पत्ताही लागला नसता. शाबास, पोरी.”

तारा लावायला दुसराच माणूस पाहून तो मात्र दुखावला. चाचणी संपताच त्याने तिला व्हरांड्यात गाठलं.

“माझा तो अवतार पाहून किळस आली ना? तोंडावर सांगायचं होतं.”

“किळस?” ती भडकली. “अहो, मी जवळ आले की तुमचे ठोके उधळतात! माझं काम आहे ते, खोटं नाही चालत मला.”

तो हळूच म्हणाला, “म्हणजे... माझ्याआधी यंत्राला कळलं?”

“यंत्राला फक्त तुमचं कळलं.”

“आणि तुमचं?”

“मला कुठे कुणी तारा लावल्यात...” म्हणत ती आत पळाली.

दोन दिवसांनी त्याने वाद्यवृंदाच्या प्रमुखांना सगळं सांगितलं. तिच्यासारखं खरं बोलून बघावं म्हटलं, असं तो नंतर तिला म्हणाला. पुढच्या कार्यक्रमाला ती बाबांना घेऊन गेली. तो रंगमंचावर आला, तोच ऑक्सिजनचं नळकांडं ढकलत. सगळ्यांसमोर त्याने ते खुर्चीशेजारी उभं केलं. मध्यंतराआधीच कळ आली. तो उठला, कडेला जाऊन, पण पडद्याआड न लपता मास्क लावून डोलत राहिला. एका डोळ्यातून पाणी वाहत होतं. मागे कुणीतरी कुजबुजलं, “चढलीय वाटतं.” तिने मुठी आवळल्या.

कळ उतरल्यावर तो जागेवर परतला. डोळा अजून लाल होता. त्याने ट्रम्पेट ओठांना लावला आणि असा सूर धरला, लांब, एकसारखा, की सभागृह श्वास घ्यायचं विसरलं. टाळ्यांच्या कडकडाटात बाबा तिच्याकडे वाकले.

“कोण गं हा पोरगा?”

ती उभी राहून टाळ्या वाजवत होती. मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ती म्हणाली, “माझा आहे, बाबा.”