हाव म्हणजे लोभ

त्याचा पहिला निरोप असा होता : ‘गुरुजी, तुम्ही आजकाल लई लवकर मरून राहिले. तब्येत बरी हाय ना?’

निरोप बाबांच्या टॅबवर आला, तेव्हा मी नुकतीच त्यांच्या नावाने रानडुकरांच्या पायाखाली तुडवली गेले होते.

खेळाचं नाव ‘राखण’. घारीला दिसावं तसं वरून दिसणारं एक गोल खळं आणि त्यात इवलासा राखणदार. चहूबाजूंनी पाखरं, उंदीर, डुकरं येतात – येतच राहतात. गोफण आपोआप चालते. आपण फक्त पळायचं आणि सांडलेले दाणे वेचायचे. दाणे पुरेसे झाले की खेळ थांबतो आणि समोर तीन पत्ते येतात. दुहेरी गोफण, बुजगावणं, खराटा... कोणते येतील ते आपल्या हातात नसतं. त्यातला एक घ्यायचा आणि पुढचं निभवायचं.

माझे बाबा, नांदेडचे नागसेन गुरुजी, आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झाले आणि या खळ्यावर रुजू झाले. “खेळ हाय का नोकरी?” आई विचारायची. सर्वांत जास्त वेळ तगलेल्यांची नावं खेळातल्या फळ्यावर लागत. पहिलं नाव ‘गुरुजी’. ते टिकवायचं तर रोज एक तरी डाव खेळावा लागे. दवाखान्यात बाबांनी टॅब माझ्या हातात दिला होता. “एक डाव खेळून टाक गं. नाव जाईल.”

तेव्हापासून मी एकही दिवस चुकवला नव्हता. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमादिवशीसुद्धा न्हाणीघराला कडी लावून खेळले आणि लगेच मेले.

मी उत्तर लिहिलं, ‘गुरुजी गेले.’

‘कुठं? गावाकडं? कधी येतेत?’

मी लातूरला वसतिगृहात राहून एका क्लासच्या प्रश्नपत्रिकांची मुद्रितं तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते. माझ्या दोन शब्दांत काय चुकलं, हे कळायला मात्र वेळ लागला.

‘वारले,’ मी लिहिलं. ‘मी त्यांची मुलगी, महामाया.’

मग : ‘मी वीरण्णा. खेळ मीच बनवलाय. सरांनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या इतक्या चुका काढल्या की... माफ करा ताई. काय लिहावं कळत न्हाई.’

‘असू द्या काका,’ मी लिहिलं.

वीरण्णा हे नाव वाचून मला धोतर-टोपीतला गृहस्थच दिसला होता. म्हणूनच, ‘ताई, असं खेळून नाव राहील पण सरांची अब्रू जाईल, मी शिकवू का? लातुरातच हाय, मामाच्या डाळमिलच्या वर,’ असं त्यानं विचारलं, तेव्हा मी निर्धास्त निघाले. मधुमेह असेल म्हणून बिनसाखरेची बिस्किटंही घेतली.

मिलच्या वरचं दार उघडलं ते तिशीतल्या एका उंच माणसानं. त्याच्या पापण्यांवर तुरीच्या डाळीची पिवळी धूळ होती.

“वीरण्णा काका आहेत का?”

त्यानं मागं वळून पाहिलं, जणू खरंच कुणी उभं असेल. “काका... मीच हाय. आजोबाचं नाव ठेवलंय. आमच्याकडं उदगीरला असंच असतंय. आणि तुम्ही... ताई?”

“तो शब्द तुमचा.”

“वापस घेतो,” तो इतक्या घाईनं म्हणाला, की नंतर आम्ही दोघंही बिस्किटांच्या पुड्याकडं बघत राहिलो.

शिकवणी सुरू झाली. खाली मिल चालू झाली की टेबल थरथरायचं आणि माझा राखणदारही थरथरतोय असं वाटायचं. वीरण्णा खुर्चीच्या मागं हात बांधून उभा असायचा. “पळा... डावीकडं... कोपऱ्यात शिरू नका... अरारा, गेल्या!”

खरी अडचण पळण्याची नव्हती. तीन पत्ते आले की मी थांबायचे.

“निवडा की.”

“विचार करतेय.”

“चहा निवला, बिस्किटं सादळली, खाली डाळ भरडून झाली... कवा निवडणार?”

बाबा गेल्यापासून मला भाजीसुद्धा निवडता येत नव्हती. कोथिंबीर की मेथी, एवढ्यावर मंडईतून परत आले होते. हे मी त्याला सांगितलं नाही. विचारलं फक्त, “बाबा काय घ्यायचे?”

“खराटा. कायम खराटा. सगळे गोफणीमागं पळतेत, सर खराटा. त्यानं दाणे आपल्याकडं ओढले जातेत. मी कारण विचारलं, तर म्हणले – येणारे येतच राहणार, सांडलेलं आधी गोळा करू द्या.”

पडद्यावरचं खळं पुसट झालं.

“डाळीची धूळ...” मी डोळे पुसत म्हणाले.

“हाव, आज लई उडायलीय,” तो म्हणाला.

मिल तेव्हा बंद होती.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. “‘हाव’ नका म्हणू. आमच्या घरी बंदी होती. हाव म्हणजे लोभ.”

“मला बी हेच लिहायचे! ‘पुन्हा खेळायचं? हाव, न्हाई’ अशी बटणं होती. सर हटून बसले. शेवटी ‘हो, नाही’ केलं. पण राग आला, म्हणून हाव नावाचा एक नवा पत्ताच खेळात घातला. घेतला की दाणे दुप्पट, डुकरं बी दुप्पट. सरांनी कधी हात लावला न्हाई त्याला.”

मी हसले. खूप दिवसांनी, आणि मोठ्यानं. तो मात्र पडद्याऐवजी माझ्याकडं बघत होता.

मग रोज संध्याकाळी माझे पाय मार्केट यार्डातल्या त्या मिलकडं वळू लागले. मी खराटा घ्यायला शिकले, कोपरे टाळायला शिकले. तो ‘मॅडम’वरून ‘महामाया’वर आला. एका रविवारी नांदेडला घरी येऊन त्यानं आईला इतक्या मोठ्यानं जयभीम घातला, की शेजारचेही उत्तर द्यायला बाहेर आले.

नंतर आईचा फोन आला. “वीरण्णा म्हणजे आपल्यातला न्हाई.”

“नाही.”

“तुझ्या बापाला ठाऊक होता?”

“त्याच्या सगळ्या चुका ठाऊक होत्या.”

“मग राहिलं काय बघायचं?” आई म्हणाली आणि फोन ठेवला.

पण लग्नाचं ना तो काढत होता, ना मी. पत्ते समोर येऊन पडले होते आणि आम्ही दोघं बावळटासारखे थांबलो होतो.

एका संध्याकाळी लातूरवर पाऊस असा कोसळला, की वसतिगृहाची वीज गेली. आधीच चार्जिंग संपत आलेला टॅब बंद पडला. आजचा डाव राहिला होता! रिक्षा मिळेना, म्हणून पळत निघाले. मिलच्या जिन्यावर पोचले, तेव्हा ओढणीतून पाणी गळत होतं.

“लवकर! खेळ चालू करा, बाबांचं नाव पुसलं जाईल –”

वीरण्णानं टॉवेल पुढं केला. “पुसलं न्हाई जाणार.”

“म्हणजे?”

“सरांचं नाव पुसायचं न्हाई, अशी सोय केलीय. तुम्ही ‘वारले’ लिहिलं ना... त्याच दिवशी. एका ओळीचं काम होतं.”

“मग मी इतके दिवस डुकरं कशाला मारली?”

“सांगितलं असतं, तर तुम्ही कशाला आल्या असत्या?”

मी रागावले. खरंच रागावले. पण टॉवेल घेऊन, खुर्चीत बसून रागावले, त्यामुळे फारसा परिणाम झाला नाही.

“म्हणजे उद्या खेळले नाही तरी चालेल?”

“चालेल.”

पत्र्यावर पाऊस वाजत होता. “मग उद्या मी इथं कशासाठी येऊ?”

तो धुळीखालीही लाल झाला. त्यानं पडदा माझ्याकडं वळवला. खळ्यावर एक नाही, दोन राखणदार होते. समोर तीन पत्ते आले. पहिला : ‘उरलेलं आयुश्य जोडीनं राखण’. दुसरा तोच. तिसराही तोच.

“तिन्ही एकच?”

“नशिबावर सोडायची हिंमत झाली न्हाई...”

माझं बोट पत्त्याकडं निघालं होतं. पण मी माझ्या बापाचीच मुलगी. “‘आयुष्य’मध्ये पोटफोड्या ष.”

त्यानं दुरुस्त केलं. खाली मिल बंद असूनही बोट भलत्याच अक्षरावर पडलं. ‘आयूष्य’ झालं.

“यु ऱ्हस्व.”

“सर असते तर नापासच केलं असतं मला.”

“त्यांनी ष शिकवला असता. मग पास केलं असतं.”

पत्त्यांखाली दोन बटणं होती : हो, नाही. बाबांच्या हुकमानुसार. मी कशालाच हात लावला नाही. त्याच्याकडं बघून म्हणाले, “हाव.”

तो बघतच राहिला. “पण सर म्हणायचे, हाव म्हणजे लोभ...”

“तो पण,” मी म्हणाले.

गरज नसताना त्या दिवशीचा डाव आम्ही खेळलोच. गुरुजी खळ्यावर उतरले. पहिल्याच तीन पत्त्यांत हाव आला, बाबांनी कधीही न घेतलेला. मी क्षणभरही न थांबता घेतला. दाणे दुप्पट सांडले, डुकरं दुप्पट आली आणि खेळ आटोपला.

“गुरुजी लई लवकर गेले,” वीरण्णा सवयीनं बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

“हाव,” मी म्हणाले आणि त्याचा पिवळा हात हातात घेतला. “अजून एक डाव लाव.”