पाण्याआधीचा दोन

"ते पिऊ नका हं... घसा भाजेल."

सहदेव दचकला. दुसरी मोठी लढाई संपली त्या सालची गोष्ट. दहिवलीच्या शाळेच्या ओट्यावर बसून तो पाटीवर पाण्याचं समीकरण जुळवत होता. गडी खालापूरकडचा, मॅट्रिकला रसायनात आपटलेला, आता मामाकडे राहून पुन्हा कंबर कसून बसलेला. मागे उभी होती त्याच शाळेत मुलींना शिकवणारी सुंदरा. स्वतः मॅट्रिक झालेली, हातात खडू, डोळ्यांत हसू.

"दोन्हीकडचे अणू जुळलेत की," तो म्हणाला.

"जुळलेत. पण ऑक्सिजनच्या पायाशी तुमी दोन चिकटवलात. मग ते पाणी नाय राह्यलं, जखम धुवायचं औषध झालं." तिने तो दोन पुसला आणि पाण्याच्या आधी मोठा दोन लिहिला. "पाण्याला हात लावायचा नाय. किती घ्यायचं, तेवढंच बदलायचं. पाणी दुप्पट... मग हायड्रोजनही दुप्पट लागंल."

तिची ओली वेणी त्याच्या खांद्याला लागली. शिकेकाईचा वास आला — आणि हायड्रोजन कुठल्या कुठे उडाला.

मग तो रोज मुद्दाम चुकू लागला. तिलाही ते कळायचं. पण ती रागवायची अगदी मन लावून.

सहदेव पास झाला, कर्जत स्टेशनात कारकून म्हणून लागलाही. पेढे घेऊन तो थेट शाळेत आला.

"सुंदरा... लगीन करशील माझ्याशी? आय तयार हाय. फक्त तू शाळा सोडायची, म्हणते. एवढं बदल गं."

तिने उचललेला पेढा पुन्हा कागदावर ठेवला.

"मला तुमी आवडता, खोटं नाय बोलणार. पण माझ्यातून शाळा काढलीत, तर उरंल ती सुंदरा नाय. दुसरीच कुणीतरी. ती चालंल तुमाला?"

ही चूक मुद्दाम केलेली नव्हती. सहदेवला स्वतःचीच लाज वाटली. तो तडक खालापूरच्या वाटेला लागला.

रविवारी संध्याकाळी तो तिच्या दारात उभा राहिला.

"काय म्हणाली आय?"

"रुसली. म्हणाली, सून शाळेत गेली तर भात कोण रांधणार?"

"मग?"

"मी म्हणालो... मी."

"तुमाला येतो भात रांधता?"

"नाय."

सुंदरा खळखळून हसली आणि दारातून बाजूला झाली.

"या आत. तुमी मागणी घालायला येणार, हे माझ्या आबांना मी कालच सांगून ठेवलंय."