घर बघायला आलेला

दार उघडलं तर तो उभा होता... केसांतून पाणी निथळत, हातात मोजपट्टी.

"घर विकायचंय ना? चौकातला चष्मेवाला मी. आईनं खोल्या मोजायला पाठवलंय."

बाबा बाहेर गेले होते. शेजाऱ्यांनी पाहिलं तर? मी त्याला पटकन आत घेतलं.

आमचं प्रार्थनाघर नदीपलीकडे हललं, तशी आमची माणसंही एकेक करून तिकडे गेली. गल्लीत आम्हीच उरलो होतो. बाबा म्हणायचे, "शेवटी खांदा द्यायला आपली माणसं जवळ हवीत." आणि गल्लीच्या तोंडाशी या चष्मेवाल्याच्या लोकांचं नवं प्रार्थनास्थळ उभं राहत होतं, म्हणून ती माणसं इकडे राहायला येत होती.

"हे टोक धरता जरा?"

मी धरलं. पट्टी ताणत तो खिडकीपर्यंत गेला आणि मागे वळून बघतच राहिला.

"आकडा तिकडे आहे," मी म्हटलं.

"हो... पण चुकतोय. परत यावं लागेल."

तो परत आला. पुन्हापुन्हा आला. कधी भिंत मोजायला, कधी बाबांचा चष्मा नीट करायला. जिन्यात त्याची पावलं ओळखू यायला लागली, तशी मला झोप लागेना. दोन्हीकडच्यांना कळलं तर आम्हाला कोण दारात उभं करील?

व्यवहार ठरायच्या दिवशी तो एकटाच आला. चेहरा पांढराफटक.

"काका, घर आईला आवडलंय. पण मला... तुमची मुलगी नदीपलीकडे गेलेली सोसवणार नाही."

बाबा माझ्याकडे वळले. "आणि तुला?"

"मलाही नाही, बाबा."

बाबा खुर्चीत बसले. आता त्याला हाकलतील, नाहीतर मलाच कोंडतील...

"तुझ्या घरी सांगितलंस?" त्यांनी त्याला विचारलं.

"नाही... भीती वाटते."

"मलाही वाटतेय," बाबा म्हणाले. "आपली माणसं तोंड फिरवतील, तुझी फिरवतील." ते उठले, चपला शोधू लागले. "चल, तुझ्या आईकडे. एकट्याला जमायचं नाही तुला."

जिना उतरताना बाबांनी माझा हात धरला. दुसरा त्याच्या खांद्यावर ठेवला.